शब्द प्रेक्षकाचा, अर्थ कुणाचा?

"एखादं ठिकाण सांगा!" उत्स्फूर्त नाट्याच्या प्रयोगात नट विचारतो, अंधारातून कुणीतरी 'दवाखाना' म्हणून ओरडते आणि पुढचा प्रवेश दवाखान्यात घडतो. एवढ्यावरून प्रेक्षक नाटकाचा सहलेखक झाला, रंगभूमी लोकशाहीवादी झाली, असे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. आम्हांला हा दावा मान्य नाही.

शिकागोमध्ये १९५५ साली सुरू झालेल्या 'कंपास प्लेयर्स'ने प्रेक्षकांच्या सूचनांवरून प्रवेश रचले. १९५९ सालच्या 'सेकंड सिटी'ने ती प्रथा पुढे नेली. सूचना घेऊन नट मध्यंतरात आत जात, आपसांत विचार करीत आणि मग प्रवेश सादर करीत. मिळालेल्या शब्दावर विचार करायला तिथे वाव होता. तत्क्षणी सुरू होणाऱ्या खेळांत मात्र सूचना बहुधा एकाच कामाची उरते: आधी काही ठरले नव्हते, याचा पुरावा म्हणून. जादूगारही प्रेक्षकाला पत्ता काढायला लावतो. म्हणून त्या प्रेक्षकाला कुणी जादूगार म्हणत नाही.

यावर डेल क्लोज यांच्या 'हॅरल्ड'चा दाखला दिला जाईल. एका शब्दातून अनेक प्रवेशांची गुंफण उभी करणे हे मोठेच कौशल्य आहे, पण ते नटांचे. शब्द देणारा त्यानंतर गप्पच असतो. आपल्याकडच्या समस्यापूर्तीत चरण देणाऱ्याला निदान आपला चरण श्लोकात जसाच्या तसा परत मिळतो.

ऑगुस्तो बोआल यांनी पेरूमधली १९७३ सालची एक हकिगत सांगितली आहे. नवऱ्याने फसवलेल्या बाईने काय करावे, हे प्रेक्षक सुचवीत होते आणि नट करून दाखवीत होते. "त्याच्याशी स्पष्ट बोलावे," असे एका स्त्रीने सुचवले. नटांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले. तिचे समाधान होईना. अखेर ती स्वतःच मंचावर आली आणि झाडू घेऊन तिने 'नवऱ्या'ला बडवले. तिच्या लेखी 'स्पष्ट बोलणे' ते होते. प्रेक्षकाने स्वतः मंचावर येण्याची बोआल यांची पद्धत या अनुभवातून घडली.

शब्द त्या स्त्रीचा होताच. पण "मला हे म्हणायचे नव्हते," असे म्हणण्याची मुभा मिळाली तेव्हा नाटकही तिचे झाले. महाविद्यालयांतून हे खेळ घेणाऱ्या अध्यापकांना म्हणूनच आमचे सांगणे आहे: प्रवेश संपल्यावर टाळ्यांआधी शब्द देणाऱ्याला विचारा, तुला हेच अभिप्रेत होते का? उत्तर 'नाही' आले, तर त्याला मंचावर बोलवा. ही तयारी नसेल, तर खेळ खुशाल खेळा. त्याला सहभाग मात्र म्हणू नका.