पत्ता आपल्याच नावावर हवा

माझी मामी बडोद्यात, दांडिया बाजारच्या घरी, शिवलेल्या नऊवारी विकते. चार वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, "अरे, मला एक वेबसाइट करून देशील का?" मी म्हटलं, "बघतो मामी." ऑफिसच्या धबडग्यात ते 'बघतो' तसंच राहिलं. शेवटी तिने ओळखीच्या एका मुलाकडून साइट करून घेतली.

गेल्या वर्षी, ऐन गौरी-गणपतीच्या तोंडावर, ती साइट उघडेनाशी झाली. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्या मुलाने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवरून घेतला होता. तो परगावी गेला, त्याचा नंबर बदलला, नूतनीकरण राहून गेलं आणि तो पत्ता दुसऱ्याच कुणीतरी घेतला. मामी मला काही बोलली नाही. पत्ता छापलेल्या पिशव्यांचा गठ्ठा तेवढा तिने माळ्यावर टाकला. घरात इंजिनिअर भाचा असून ही गत!

त्या रविवारी लॅपटॉप घेऊन बसलो. मामीचा पहिला प्रश्न, "सगळ्यात स्वस्त कुठलं?" मी उलट विचारलं, "महिन्याला ऑर्डर किती येतात?" वीस-पंचवीस. त्याही सगळ्या वॉट्सअ‍ॅपवर, कारण माप विचारल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नाही. म्हणजे ऑनलाइन पेमेंट, कार्ट वगैरे नकोच. मग शॉपिफायचं दरमहा भाडं कशाला भरायचं?

वर्डप्रेस 2003 पासूनचं आहे आणि सॉफ्टवेअर फुकट आहे. पण स्वतः चालवायचं तर होस्टिंगचे पैसे लागतात आणि अपडेट वेळच्या वेळी करावे लागतात, नाहीतर साइट हॅक होण्याची भीती. ते कोण करणार? "मी बघतो" म्हणणार होतो, जीभ चावली.

विक्सवर साइट झटपट आणि देखणी होते. पण फुकटच्या प्लॅनमध्ये त्यांची जाहिरात दिसते, आपलं डोमेन जोडता येत नाही, आणि उद्या दुसरीकडे जायचं तर साइट उचलून नेता येत नाही, नव्याने बांधावी लागते.

शेवटी गूगल साइट्स घेतलं. दिसायला साधं, पण फुकट, आणि आपलं डोमेन जोडता येतं. चार पानं झाली: नमुने, माप कसं घ्यायचं, दर आणि संपर्क. फोटो बदलणं मामीला अर्ध्या तासात जमलं.

"फुकटचं उद्या बंद पडलं तर?" मामीची शंका रास्त होती. गूगलनेच बिझनेस प्रोफाइलवरच्या फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद केल्या. गूगलने दिलेलाच पत्ता ज्यांनी छापला होता, त्यांचा पत्ताही गेला. स्वतःचं डोमेन असेल तर तोच पत्ता नव्या साइटकडे वळवता येतो, गिऱ्हाइकाला कळतही नाही.

म्हणून घरच्या धंद्यासाठी साइट करून देणाऱ्या माझ्यासारख्या भाचे-पुतण्यांना तीनच गोष्टी सांगतो. डोमेन धंदा करणाऱ्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेल आणि मोबाइलवर घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका; दुसऱ्या वर्षाचा दर बघा, त्यात 18 टक्के जीएसटी धरा आणि मग तुलना करा. फोटो आणि मजकूर यांची एक प्रत घरी ठेवा.

नवं डोमेन घेताना ओटीपी मामीच्या फोनवर आला. चष्मा लावून तिने एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि स्वतःच टाइप केला. मग विचारलं, "आता हा माझाच ना?"

"तुझाच," मी म्हटलं.

तिने लगेच पिशवीवाल्याला फोन लावला.