निरंक

प्रशासनातील नीतीची चर्चा लाच न घेण्यापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच थांबते. स्वच्छ हाताचा अधिकारी हा आत्मचरित्रांचा लाडका नायक. त्या हाताने कागदावर काय लिहिले, हे सहसा विचारले जात नाही. पाटीचे संडास आणि हाताने मैला उचलणे यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने १९९३ मध्ये केला. सफाई कर्मचारी आंदोलन २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा अनेक राज्यांनी ही प्रथाच आपल्याकडे उरली नसल्याची प्रतिज्ञापत्रे दिली. डोक्यावर पाटी, आणि अहवाल निरंक! तो लिहिणारे सारेच लाचखोर होते, असे कोणी म्हणणार नाही. खालून आलेला कागद त्यांनी नियमानुसार वर पाठविला, इतकेच. आणि या निर्विकारपणालाच तटस्थता हे भारदस्त नाव दिले जाते.

एस. आर. शंकरन या सनदी अधिकाऱ्याला ही तटस्थता मानवली नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा त्यांनी आंध्रातील दलित वस्त्यांत जाऊन मजुरांना समजावून सांगितला आणि राज्यकर्त्यांचा रोष ओढवून घेतला. वस्तुतः कायदा सांगणे हे त्यांचे कर्तव्यच होते.

गटारांत १९९३ पासून मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. तरीही जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारचे उत्तर आले : हाताने मैला उचलताना मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारांत गुदमरलेल्यांसाठी रकाना निराळा होता.