असं का होतं? : वाऱ्याला अडवा, बोटं सांभाळा!

बालदोस्तांनो, थंडीतली सकाळची शाळा म्हणजे शिक्षाच, हो ना? आपलं नागपूर उन्हासाठी प्रसिद्ध. पण २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा चक्क ३.५ अंशांवर उतरला होता! अशा दिवसांत सायकलवरून आलेल्या मुलांना पेन्सिलही धड धरता येत नाही. बोटंच का एवढी गारठतात?

त्याचं असं आहे. थंडी वाजली की शरीर आधी हृदय, मेंदू यांची ऊब सांभाळतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांकडे गरम रक्त कमी जातं. त्यात बोटं बारीक, म्हणून ती लवकर निवतात.

वारा तर आणखी खोडकर! कातडीलगतचा उबदार हवेचा थर तो उडवून लावतो. हवा ८ अंशांची असेल आणि स्कूटर ताशी ४० किलोमीटरने धावत असेल, तर उघड्या कातडीला ती ३ अंशांसारखी झोंबते.

मग लोकरीचे हातमोजे घालूनही गाडीवर हात का गारठतात? लोकर स्वतः ऊब तयार करत नाही. तिच्या धाग्यांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. विणीच्या भोकांतून शिरणारा वारा तीच हवा पळवतो!

बर्फावर क्रॉस-कंट्री स्कीइंग करणारे खेळाडू पायांना लांब पट्ट्या बांधून, काठ्या रेटत कित्येक किलोमीटर जातात. लडाखचे ताशी लुंडुप २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळात उतरले होते. या खेळाच्या हातमोज्यांना बाहेरून वारा अडवणारं कापड असतं, आतून उबदार अस्तर. शिवाय घामाची वाफ बाहेर पडायलाही वाट हवी. कारण स्थिर हवेपेक्षा पाणी वीसपटीहून जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. अस्तर ओलं झालं की ऊब गेलीच समजा!

करून बघा. दोन्ही हातांत लोकरीचे मोजे घाला. एका हातावर प्लॅस्टिकची पिशवी ढिली चढवा आणि दोन्ही हात पंख्यासमोर धरा. कोणता हात उबदार राहिला? थोड्या वेळानं पिशवीच्या आत दमटपणा जाणवतो का?

आणि हो, पहाटे दूध नि पेपर घेऊन निघणाऱ्या दादांना नक्की सांगा : हातमोजे म्हणजे नखरे नव्हेत. बधिर बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. मोजे कोरडे हवेत, वारा अडवणारे हवेत आणि फार घट्ट नकोत; नाहीतर आत हवेला जागाच उरत नाही.