मोठ्या मोटारीचा मोह

लग्नसराईचे दिवस आले की हिंगोली, वसमत, कळमनुरी अशा गावांच्या रस्त्यांवरून संध्याकाळच्या वेळी एक चमत्कारिक वाहन संथ गतीने जाताना दिसते. लांबलचक पांढरे बॉनेट, त्याच्या दोन्ही अंगांना बटबटीत गोल दिवे, फुगीर मडगार्ड, उघडा टप, पितळी भोंगा आणि मागच्या आसनावर फेटा बांधून बसलेला नवरदेव. निवेदकापासून करवल्यांपर्यंत सारेजण या वाहनाला ‘व्हिंटेज गाडी’ म्हणतात. वस्तुतः तिच्या वयाची चौकशी केली तर ती नवरदेवाहून लहान निघण्याचाच संभव अधिक. मोडीत निघालेल्या एखाद्या जीपचा सांगाडा घ्यायचा, त्यावर पत्रा ठोकून जुन्या विलायती मोटारीचे सोंग चढवायचे आणि ती वरातीसाठी भाड्याने द्यायची, असा हा धंदा आहे. धंदा म्हणून त्यात गैर काही नाही. विचार करण्याजोगी गोष्ट एवढीच की, ज्या मोटारीची ही नक्कल आहे ती अस्सल मोटार वरातीतल्या शंभर माणसांपैकी एकानेही बहुधा पाहिलेली नसते. ज्यांच्या आजोबांचे लग्न दमणीतून आणि पणजोबांचे छकड्यातून लागले, त्यांच्या मनात ऐश्वर्याचे चित्र म्हणून अमेरिकेतील ९० वर्षांपूर्वीची मोटार कशी येऊन बसली?

अस्सल जुनी मोटार तर अशा कामाला कायद्यानेच बंद आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. अशी गाडी प्रदर्शनास किंवा जुन्या गाड्यांच्या रॅलीस नेता येते, देखभालीसाठी वा इंधन भरण्यासाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास आणि भाड्याने देण्यास मात्र मनाई आहे. म्हणजे वरातीसाठी खोटी गाडीच उरते. हा विनोद सरकारला अभिप्रेत नसावा.

अमेरिकेच्या या आलिशान मोटारींना प्रतिष्ठा मिळाली ती फुकट मिळाली नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कॅडिलॅक कंपनीचा संस्थापक हेन्री लेलँड हा अचूक मोजमापाचे वेड असलेला कारागीर होता. १९०८ मध्ये त्याच्या कंपनीच्या तीन गाड्या इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे पंचांच्या देखत पूर्णपणे सुट्या करण्यात आल्या. त्यांचे भाग एकमेकांत मिसळून टाकले गेले आणि मग पाने व पेचकस एवढ्याच हत्यारांनी त्यांतून पुन्हा तीन गाड्या जुळवण्यात आल्या. त्या गाड्या ५०० मैल धावल्या. प्रत्येक भाग कानशीने घासूनच दुसऱ्याशी जुळवायचा असतो, अशी समजूत असण्याच्या काळात ही चकित करणारी गोष्ट होती. आज हिंगोलीच्या बाजारात ट्रॅक्टरचा बेअरिंग किंवा मोटारसायकलचा पिस्टन विकत घेऊन तो तासाभरात बसवता येतो, त्यामागे ह्याच विचाराचा वारसा आहे. पुढे १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवला. त्यापूर्वी इंजिन चालू करायचे तर पुढून हँडल मारावे लागे आणि उलटा झटका बसून मनगट मोडण्याची भीती असे. डुझेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये चारही चाकांना द्रवदाबावर चालणारे ब्रेक दिले. श्रीमंतांसाठी केलेल्या या सोयी कालांतराने सामान्यांच्या वाहनांत आल्या. शाळामास्तराच्या स्कूटरला बटन दाबताच जाग येते, तिच्या कुळाचा मूळपुरुष केटरिंगच.

डुझेनबर्गचे नाव निघाले म्हणजे एका मराठी संस्थानिकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३५ ची डुझेनबर्ग खास बनवून घेतली. इंजिन अमेरिकेचे, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याचा, रंग नारिंगी आणि काळा. जवळजवळ सात लिटरचे आठ नळकांड्यांचे इंजिन आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. छायाचित्रांतही ती मोटार पाहताना दृष्टी खिळून राहते. पुढच्या लांब बॉनेटची रेषा मागच्या निमुळत्या टोकापर्यंत कोठेही न अडखळता जाते. एखाद्या चांगल्या गवयाची तान समेवर यावी तशी. माणिकबाग राजवाड्यात युरोपची नवी कला आणून वसवणाऱ्या या राजाची रुची उथळ नव्हती. परंतु दोन माणसांसाठी केलेल्या त्या वाहनाचे मोल माळव्यातील रयतेच्या महसुलातून आले होते, हेही विसरता येत नाही. ती गाडी कालांतराने अमेरिकेतील संग्राहकांकडे परत गेली. कंपनी तर १९३७ मध्येच बुडाली. हे मॉडेल पाचशेहून कमी संख्येत निघाले. कारण जगातील राजे आणि चित्रपटनट यांची संख्या मर्यादित होती आणि १९२९ च्या मंदीने त्यांचीही खरेदी आखडली होती. कॅडिलॅकने आपली १६ नळकांड्यांची मोटार जानेवारी १९३० मध्ये, म्हणजे शेअरबाजार कोसळल्यावर अवघ्या तीन महिन्यांत, लोकांपुढे ठेवली. इतका अवकाळी मुहूर्त क्वचितच कोणी साधला असेल.

येथवर जे दोष आहेत ते उधळपट्टीचे आहेत, कारागिरीचे नाहीत. खरी घसरण दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. तिची बीजे मात्र आधीच पडली होती. जनरल मोटर्सचा सूत्रधार आल्फ्रेड स्लोन याने १९२० नंतरच्या दशकात शेवरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत गाड्यांची एक शिडीच उभी केली. प्रत्येक खिशाला एक मोटार आणि प्रत्येक पायरीवरून वरच्या पायरीकडे आशाळभूतपणे पाहण्याची सोय. दरवर्षी गाडीचे रूप थोडेसे बदलायचे, म्हणजे गतवर्षीची मोटार ठणठणीत असूनही मालकाला जुनाट वाटू लागेल. पैसे नसतील तर हप्त्याने घेण्यासाठी कंपनीने १९१९ मध्येच स्वतःची पतपेढी काढली होती. शेजाऱ्याच्या दारातील गाडी पाहून होणारी जळजळ ही मनुष्यस्वभावात आहेच. तिचा कारखाना काढणारे स्लोन हे पहिले.

या कारखान्याचा कळस म्हणजे १९५९ ची कॅडिलॅक. मागील बाजूस लढाऊ विमानाच्या शेपटीची नक्कल करणारी उंच पाती, त्यांत बंदुकीच्या गोळ्यांसारखे लाल दिवे, सर्वत्र क्रोमचा झगमगाट. लांबी ५.७ मीटर, रुंदी दोन मीटरहून अधिक, वजन दोन टनांच्या वर. त्याच सुमारास आपल्याकडे रस्त्यावर आलेली अँबॅसिडर सव्वाचार मीटरांची आणि दीड लिटर इंजिनाची होती. कॅडिलॅकचे इंजिन ६.४ लिटरचे. एवढ्या वजनाला आवरण्यासाठी चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. लांब उतारावर ते तापले की त्यांची पकड सुटे. स्प्रिंगा इतक्या मऊ की गाडी सरळ रस्त्यावर पाळण्यासारखी डुलावी आणि वळणावर नावेसारखी कलावी. लिटरला चार-पाच किलोमीटर. ती पाती विमानाची होती, पण त्यांचा उपयोग शून्य होता. उपद्रव मात्र होता. अशा टोकदार पात्यांमुळे पादचाऱ्यांना होणाऱ्या इजांची दखल राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात घेतली आणि मोटार कंपन्या प्रवाशाच्या जिवापेक्षा देखाव्यावर कसा पैसा ओततात हे पुराव्यानिशी मांडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला.

कायद्याने जे पुरते साधले नाही ते तेलाने साधले. १९७० मध्ये कॅडिलॅकने ८.२ लिटरचे ४०० अश्वशक्तीचे इंजिन काढले होते. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि १९७६ मध्ये तेच ८.२ लिटरचे इंजिन १९० अश्वशक्तीवर आले. शक्ती मोजण्याची रीत मध्यंतरी बदलली होती हे खरे. धूर कमी करण्याचे नवे नियमही आड आले. तरीही पोट तेवढेच राहून अंगातील बळ निघून जावे, असे हे दृश्य होते. पॅकार्ड हे एके काळचे सर्वांत मानाचे नाव तर १९५८ मध्येच पुसले गेले होते.

या साऱ्या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध केवळ चित्रांतला नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. येथेच पूर्ण गाडी बनवा, असा आग्रह स्वतंत्र भारताच्या सरकारने धरताच तो १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला १९४७ पासून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जुळवल्या. या मधल्या पायरीवरच्या गाड्या; पण रुंदी-लांबीचा अमेरिकन बाणा त्यांच्यात होताच. पुढे त्या टॅक्सी झाल्या आणि मुंबईला गेलेल्या मराठवाड्याच्या माणसाने दादर किंवा बोरीबंदरला बिऱ्हाडासकट त्यांच्या पोटात बसून पाहिले. पेट्रोलचा खर्च झेपेना तेव्हा मिस्त्रींनी अशा कित्येक गाड्यांची मूळ इंजिने काढून डिझेलची बसवली. अमेरिकन मोटारीवर इतकी नेमकी टीका कोणत्याही तज्ज्ञाने केलेली नाही: अंग ठेवण्यासारखे, भूक ठेवण्यासारखी नव्हे.

वरातीतल्या खोट्या गाडीकडे पुन्हा वळायचे ते यासाठी. ती दोन तासांची हौस आहे. भाडे चुकते केले की संपते. काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. हळदीला बरा भाव मिळालेल्या वर्षी, सोसायटीची निवडणूक जिंकल्यावर, किंवा सोयरीक जमवताना वरपक्षाच्या नजरेत भरावे म्हणून, उंच, रुंद, काळ्या काचांची गाडी हप्त्याने घेण्याची चढाओढ जिल्ह्याच्या गावोगावी दिसते. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद पुढच्या वर्षी त्याच भावाने जाईल याची हमी कोणी देत नाही. हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला न चुकता येते. सेनगाव किंवा औंढ्याकडील ज्या वाटांना चांगल्या बसची गरज आहे, तेथे या गाड्या धूळ उडवीत जातात आणि समोरून येणाऱ्या बैलगाडीला रस्त्याखाली उतरावे लागते. मारुती ८०० ही १९८३ साली आली तेव्हा कुटुंबाला नेण्यास ३.३ मीटर लांबी आणि ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन पुरेसे आहे, हे लाखो कारकुनांनी आणि शिक्षकांनी सिद्ध केले होते. आज तशी गाडी दारात उभी करताना संकोच वाटावा, ही स्लोनच्या शिडीची येथवर पोचलेली पायरी होय.

जुन्या मोटारी नष्ट व्हाव्यात असे कोणी म्हणणार नाही. त्या जपणाऱ्यांना उत्तेजन मिळावे आणि २०२१ ची तरतूद त्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु जपणुकीचा अर्थ पत्र्याला चकाकी देणे एवढाच घेतला जातो. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या मुलांपुढे एखादे जुने इंजिन उघडून ठेवले, त्याचे भाग मिसळून पाना आणि पेचकस त्यांच्या हाती दिला आणि ते पुन्हा जुळवून चालू करण्यास सांगितले, तर ब्रुकलँड्सला पंचांनी काय पाहिले ते त्यांना एका दुपारी कळेल. असे इंजिन भंगारात किलोवर मिळते. वरातीच्या गाडीचे एका संध्याकाळचे भाडेही त्याहून फारसे कमी नसावे.