जळके तेल जाते कुठे?

रविवारी सकाळी इंदिरानगरातल्या कुठल्याही दुचाकी गॅरेजपाशी थांबा. मेकॅनिक इंजिनखालचा बोल्ट सोडतो, काळेकुट्ट तेल पत्र्याच्या डब्यात उतरते आणि मधाच्या रंगाचे नवे तेल आत जाते. आपण नव्या तेलाच्या किमतीवर घासाघीस करतो. जुन्याचे काय झाले, हे मात्र विचारीत नाही.

त्या नव्या तेलात बहुतांश असते ते बेस ऑइल. बाकी थोडी रसायने. जाहिराती या रसायनांच्याच, पण कष्ट खरे बेस ऑइलचे. आपले 'मुंबई हाय'चे हलके कच्चे तेल यासाठी फारसे उपयोगाचे नाही. आखाती देशांतले जड तेल आणावे लागते. मुंबईत माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमचा मोठा कारखाना आहे. मूळचा तो 'लुब इंडिया'चा. १९७४ साली सरकारने ताब्यात घेतला. पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर उरलेला जड गाळ तिथे निर्वात मनोऱ्यात उकळतात, म्हणजे तो न जळता कमी उष्णतेवर वेगळा होतो. मग द्रावकाने नको ते घटक काढायचे. त्यानंतर मेण. डिसेंबरात नाशकात खोबरेल तेल बाटलीत थिजते ना, तसे इंजिनात होऊ नये म्हणून तेल थंड करून मेण गाळून घेतात. शेवटी हायड्रोजनची प्रक्रिया. एवढ्या सोपस्कारांनंतर हाती येते ते तेल आपण काही हजार किलोमीटर वापरून टाकून देतो.

गंमत अशी, की त्यातले बेस ऑइल फारसे झिजत नाही. ते मळते. काजळी, पाणी, धातूचे कण आणि मेलेली रसायने काढली, की पुन्हा बेस ऑइल मिळते. कायदाही तेच सांगतो: वापरलेले तेल हा घातक कचरा, तो परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेला पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ही जबाबदारी आली आहे.

कागदावर सगळे ठीक. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजात महिन्याला जमणारे दोन-चार कॅन नेणार कोण? मोठ्या कारखान्याच्या दारात गाडी येते, इथे येत नाही. दोष मेकॅनिकला देणे सोपे आहे. मला तो अन्याय वाटतो. गटारात गेलेले तेल नासर्डीतून गोदावरीत पोचते, हे त्यालाही कळते. वॉर्डावॉर्डात एक जमा केंद्र आणि लिटरमागे चार पैसे, इतके झाले तरी तो डबा जपून ठेवील.

परवा मी आमच्या मेकॅनिकला विचारलेच. तो म्हणाला, "काका, सेंट्रिंगवाले नेतात, फळ्यांना लावायला. नाही आले तर पडून असतं." आणि पायानेच डबा भिंतीकडे सरकवला.