हा वारा कोणाच्या बापाचा?

2025 मध्ये देशाने पवनऊर्जेचा 50 हजार मेगावॉटचा टप्पा ओलांडला. जगात चौथा नंबर! दिल्लीने खुशाल पेढे वाटावेत. पण आमच्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर, वाशी, भूमच्या ज्या शिवारांत पवनचक्क्या उभ्या राहत आहेत, तिथे पेढे नव्हे, पोलिसांची गाडी येते. जळकोटच्या बाजारात कोणत्याही शेतकऱ्याला विचारून पाहा.

वाऱ्याशी आमचे वैर कधीच नव्हते. ते लावून दिले सरकारच्या एका तारखेने. 30 जून 2025 पर्यंत सुरू होणाऱ्या पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क पूर्ण माफ होते. त्यानंतरच्या प्रकल्पांची माफी दरवर्षी चौथ्या हिश्शाने घटणार होती. झाले, गुत्तेदारांचे डंपर बेभान सुटले! आधी खड्डा, मग मोजणी. आधी उभ्या तुरीतून मुरमाचा रस्ता, मग मावेजाचा कागद, तोही मिळाला तर. कंपनीची तारीख चुकली तर कोट्यवधी बुडतात म्हणून अख्खे प्रशासन धावते. शेतकऱ्याचा हंगाम बुडाला तर पंचनाम्यालाही कोणी फिरकत नाही.

वीजवाहिन्यांचे तर विचारूच नका. 2003 च्या वीज कायद्याचे कलम 164 वापरून सरकार 1885 च्या तार कायद्याचे अधिकार वाहिनी टाकणाऱ्याच्या हाती देऊ शकते. भूसंपादनाची कटकटच नको! सातबारा शेतकऱ्याचा, मनोरा दुसऱ्याचा. देशातली तारसेवा 2013 मध्ये बंद पडली, गोऱ्या साहेबाने तार खात्याला दिलेली दांडगाई मात्र आमच्या बांधावर जिवंत आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी निजामाविरुद्ध भारतीय फौजा आमच्याच सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या नळदुर्गात शिरल्या, त्या काय निजामाच्या जागी व्हाइसरॉयचा कायदा बसवायला? जून 2024 मध्ये केंद्राने मनोऱ्याखालच्या जमिनीला दुप्पट किंमत आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के सुचवले. सुचवले, बरे का! शुल्कमाफीचा आदेश निघतो, शेतकऱ्याच्या वाट्याला सूचना.

सरळ वाट बुजवली की आडवाटेला दलाल आणि खंडणीखोर बसतात. त्यांची झळ कंपन्यांनाही लागते. शेजारच्या बीड जिल्ह्यात 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या 2 कोटींच्या खंडणीशी आरोपपत्र तो जोडते. मंत्रालय तेव्हा हळहळले. व्यवहार उघड्यावर आणण्याची बुद्धी मात्र झाली नाही.

कळंबच्या उपकेंद्रातून ही वीज देशभर जाते. ज्याच्या डोक्यावरून ती जाते, तो अपरात्री बॅटरी घेऊन, विंचूकाटा तुडवत विहिरीवरची मोटार चालू करायला निघतो. आणि याला म्हणायचे हरित क्रांती!

प्रत्येक करार मराठीत आणि दरासकट ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. मावेजा खात्यात पडेपर्यंत खड्डा नको, खांब नको, तारही नको. एवढेही जमत नसेल, तर बांधावर आणलेल्या पोलीस बंदोबस्ताचे बिल कोणाच्या नावाने फाडले, तेवढे तरी जाहीर करा.