किल्ली आपली, लॉफ्टमधलं त्यांचं

किल्ल्या हातात पडल्या की आपल्या मंडळींना घाई असते. भाड्याच्या घराची नोटीस संपत आलेली, वास्तुशांतीला गुरुजी ठरलेले, आणि लॉफ्टचं दार उघडावं तर आत कुणाचा तरी अर्धा संसार. मग ड्राइव्हवेवर स्किप येतो आणि शनिवार-रविवारात सगळं त्यात जातं. माझं म्हणणं असं की तो स्किप महिनाभर थांबवावा. घर आपण घेतलं, आतला संसार घेतलेला नाही. इंग्लंडचा कायदाही याच बाजूचा आहे.

आधी आपल्या हक्काचं बोलू. घर विकणारा टीए१० नावाचा फॉर्म भरून देतो. पडदे राहणार की जाणार, कुकर राहणार का, बागेतली शेड राहणार का, हे त्यात एकेक करून लिहिलेलं असतं. लॉफ्ट, गॅरेज, शेड आणि बागेतला कचरा विकणाऱ्याने काढायचा, हेही त्यातच आहे. आपण मात्र तो फॉर्म सॉलिसिटरच्या ईमेलमध्ये न उघडता पडू देतो. १९४६ साली एका गोदामाचा खटला अपील कोर्टात गेला होता. विकणाऱ्याने तळघरात दगड झालेली सिमेंटची पोती आणि बाकीचा कचरा तसाच ठेवला होता. जागेचा रिकामा ताबा दिलाच नाही, असं ठरवून कोर्टाने खरेदीदाराला भरपाई दिली. चार बाटल्या आणि एका मोडक्या खुर्चीसाठी हा दाखला चालत नाही. जागेचा बराच भाग अडलेला असावा लागतो. पण बंद पडलेला फ्रीज, गाद्या, टायर असा ढीग असेल, तर हात लावण्यापूर्वी फोटो काढावेत आणि त्याच दिवशी सॉलिसिटरला कळवावं. ‘जाऊ दे, कशाला वाद’ हा आपला स्वभाव इथे खिशाला पडतो.

ढिगाचं एक झालं, डब्याचं वेगळं. लॉफ्टच्या कोपऱ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडतो. आत रबरबँड लावलेले फोटो. रबर विरघळून वरच्या फोटोला चिकटलेलं. एकाच्या पाठीवर पेन्सिलीने ‘मार्गेट, १९५८’. तळाशी रिबिनीसकट एक पदक. ईबेवर याचे किती येतील, हा प्रश्न मनात येतोच. उत्तर १९७७ च्या ‘इंटरफिअरन्स विथ गुड्स’ कायद्यात आहे: मालकाला लेखी कळवायचं, सामान न्यायला वाजवी मुदत द्यायची, तरीही नेलं नाही तर विकणार असल्याचं सांगून मगच विकायचं. खर्च वजा जाता उरलेले पैसे त्याचेच. पत्ता लागत नसेल, तर शोधण्याचा वाजवी प्रयत्न केलेला असला पाहिजे.

घराचा मालक तो आतल्या सगळ्याचा मालक, हा समज १९४५ मध्येही एका कोर्टात टिकला नव्हता. युद्धासाठी ताब्यात घेतलेल्या एका घरात सैनिकाला खिडकीच्या चौकटीवर, कोळिष्टकांत अडकलेला ब्रोच सापडला. त्याने तो पोलिसांकडे दिला. खरा धनी न सापडल्याने पोलिसांनी तो घरमालकाला दिला आणि मालकाने तो ६६ पौंडांना विकला. मालक त्या घरात कधी राहिलाच नव्हता, ब्रोचचा त्याला पत्ताही नव्हता. कोर्टाने ते ६६ पौंड सैनिकाला देवविले.

यावर लोक म्हणतात, हवं असतं तर घेऊन गेले असते. सोडलं म्हणजे नको होतं. पण घर रिकामं करणारा हात दर वेळी मालकाचाच असतो असं कुठे आहे? प्रोबेटचं घर असेल तर मालक वारलेला, मुलगी कॅनडात, आणि आवराआवर करणारे क्लिअरन्सवाले दिवसाच्या ठरलेल्या पैशांवर. म्हातारीला एका रात्रीत केअर होममध्ये हलवलं, तर लॉफ्टची आठवण कुणाला होणार?

हे आपल्याला तरी सांगायला लागू नये. आई-वडील गेल्यावर डोंबिवलीचा नाहीतर कोथरूडचा फ्लॅट आपण दोन आठवड्यांच्या रजेत विकतो. रजिस्ट्रार, बँक, सोसायटीची एनओसी यांत दिवस जातात, कपाटं शेवटी. मग भाच्याला ‘राहिलेलं काढून टाक’ सांगून विमान गाठतो. त्या राहिलेल्यात वडिलांची सर्टिफिकेटं असतात, कुणाची पत्रिका, कधी देव्हाऱ्यातले टाकसुद्धा. घेणाऱ्याने ते भंगारात न घालता एक फोन करावा, असं आपल्याला वाटतंच ना? भारतातही १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकतं. जी अपेक्षा आपण तिकडच्या खरेदीदाराकडून ठेवतो, ती इथे आपण पुरी करायला हवी.

काम काही फार नाही. कागद, फोटो, पदकं, अस्थींचा कलश असं जे काही असेल ते एका खोक्यात ठेवायचं, एजंट आणि सॉलिसिटरमार्फत पत्र पाठवायचं, मुदत द्यायची. औषधं फार्मसीत परत करायची. बंदूक दिसली तर हात न लावता पोलिसांना १०१ वर फोन. झाकणावर ‘फ्रंट रूम’ लिहिलेला रंगाचा डबा, खिडक्यांच्या किल्ल्या, बॉयलरचं पुस्तक हे मात्र मुद्दाम आपल्यासाठीच ठेवलेलं असतं. उरलेलं फेकतानाही सोफा कुणा व्हॅनवाल्याला पन्नास पौंडांत देऊ नये. त्याच्याकडे वेस्ट कॅरिअरची नोंदणी नसेल आणि त्याने तो रस्त्याकडेला टाकला, तर आपल्याला ६०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आग-सुरक्षेचं लेबल नसलेला सोफा चॅरिटीवालेही घेत नाहीत.

मंडळाच्या घरखरेदीच्या कार्यक्रमात मॉर्गेज आणि स्टॅम्प ड्यूटीवर तासभर चर्चा होते. पुढच्या वेळी त्यातली दहा मिनिटं टीए१० ला आणि या पत्राला द्यावीत. पत्राचा मसुदा मी लिहून देते.